अख्खे आणि पूड : मसाल्याच्या शब्दांतील साठवणीचे ज्ञान

स्वयंपाकघरातील शब्दसंग्रह हा भाषाभ्यासकांनी बराचसा दुर्लक्षिलेला प्रांत आहे. नातेवाचक शब्द, शेतीची अवजारे, जातिव्यवसायांच्या परिभाषा यांचे संकलन थोडेबहुत झाले आहे. परंतु मसाल्याच्या डब्यातील शब्दांकडे पाककृतींच्या पुस्तकांपलीकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. वस्तुतः या लहानशा शब्दसमूहात वस्तू कशी निवडावी, कोणत्या अवस्थेत विकत घ्यावी आणि किती काळ ठेवावी यासंबंधीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान साठविलेले आहे. घरात मसाले ताजे आणि उत्तम प्रतीचे कसे राखावेत, हा प्रश्न गृहव्यवस्थेचा खरा. पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग मराठी भाषेने आधीच देऊन ठेवला आहे, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ साठवणीच्या शब्दापासूनच करू. वर्षाचे धान्य व मसाले भरून ठेवण्याला आपण ‘बेगमी’ म्हणतो. हा फार्सी शब्द असून ‘गम’ म्हणजे चिंता नसणे, निश्चिंतता, हा त्याचा मूळ अर्थ. साठा झाला की चिंता मिटली, या अनुभवातून अवस्थेचे नाव वस्तूला मिळाले. परंतु बेगमी आणि ताजेपणा यांच्यात उघड विरोध दिसतो. वर्षभर ठेवलेली वस्तू ताजी कशी राहील? या विरोधाचा परिहार मराठी घराने ज्या रीतीने केला, तिची खूण शब्दांच्या घडणीत सापडते.

१. मूळ नाव कोणत्या रूपाला?

एखाद्या वस्तूची दोन रूपे असली म्हणजे भाषा त्यांपैकी एकाला साधे नाव देते आणि दुसऱ्याला त्या नावावरून घडविलेले, विशेषण किंवा उत्तरपद जोडलेले नाव देते. पहिल्याला मूळ किंवा अचिन्हित रूप म्हणता येईल, दुसऱ्याला चिन्हित. बोलणाऱ्या समाजाच्या नित्य परिचयाचे रूप बहुधा अचिन्हित असते.

या दृष्टीने मसाल्यांची नावे पाहावीत. धने, जिरे, मिरे, लवंग, वेलदोडा, दालचिनी, जायफळ, मोहरी, मेथी, बडीशेप ही सारी साधी नावे अख्ख्या वस्तूंची आहेत. त्यांचे चूर्ण सांगावयाचे झाल्यास धनेपूड, जिरेपूड, मिरपूड, वेलदोड्याची पूड असे जोडशब्द करावे लागतात. ‘जिरे आण’ म्हटल्यावर पूड आणणारा माणूस मराठी घरात चुकला असेच समजले जाईल.

याला दोन ठळक अपवाद आहेत. ‘हळद’ हा शब्द विशेषणावाचून वापरला की तो पिवळ्या चूर्णाचा वाचक असतो; अख्ख्या वाळल्या कंदाला ‘हळकुंड’ हा वेगळा शब्द आहे आणि ताज्या कंदाला ‘ओली हळद’ असे विशेषण लावावे लागते. मिरचीच्या चूर्णाला तर मिरचीचे नावच उरलेले नाही. त्याला ‘तिखट’ म्हणतात. म्हणजे चवीचे विशेषण नाम होऊन बसले आहे. कोल्हापूर-सांगलीकडे वर्षाच्या तिखट मसाल्याला ‘चटणी’ म्हणतात, तेथेही पुडीचे नाव स्वतंत्रच आहे.

असे का व्हावे? हळद आणि तिखट या दोन वस्तू मराठी घरात वर्षानुवर्षे चूर्णाच्या रूपातच साठविल्या जातात, आणि बाकीच्या अख्ख्या. शब्दांची ही विभागणी वस्तूंच्या गुणधर्मांशी जुळते काय, हे आता पाहावयाचे आहे.

२. वास उडणारे आणि न उडणारे

मसाल्याचे गुण स्थूलमानाने दोन प्रकारच्या द्रव्यांवर अवलंबून असतात. पहिली बाष्पनशील तेले. लवंगेतील युजेनॉल, धन्यांतील लिनॅलूल, जिऱ्यातील क्युमिनाल्डिहाइड, वेलदोड्यातील सिनिओल व टर्पिनिल ॲसिटेट ही द्रव्ये साध्या तापमानासही हवेत उडून जातात, आणि आपण ज्याला सुगंध म्हणतो तो हे उडणेच होय. दुसरी स्थिर द्रव्ये. हळदीचा पिवळा रंग देणारे कर्क्युमिन, मिरचीचा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन, मिऱ्याचा झणका देणारे पायपेरीन ही सहसा उडून जात नाहीत.

अख्ख्या दाण्यात सुगंधी तेल वनस्पतीच्या सूक्ष्म पेशींत किंवा नलिकांत बंदिस्त असते. दाणा कुटला की ही कोठारे फुटतात आणि हवेशी संपर्क येणारे पृष्ठफळ अनेकपटींनी वाढते. हे गणिताने सहज पटेल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १,००० तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. आणि एकदशांश मिलिमीटरपर्यंत बारीक केल्यास ते ६०० चौरस सेंटिमीटर होते. वस्तू तीच, परंतु वास निसटून जाण्याची वाट शंभरपट रुंद झाली.

म्हणून ज्या मसाल्यांचे मोल सुगंधात आहे ते अख्खे ठेवावेत, हा नियम ठरतो. हळद आणि तिखट यांचे मुख्य मोल रंगात व तिखटपणात आहे. ते चूर्णरूपातही पुष्कळ काळ टिकते. ज्या दोन वस्तूंच्या पुडीला भाषेने स्वतंत्र नाव दिले, त्याच दोन वस्तू पूड करून ठेवण्यास सर्वांत कमी अपायकारक आहेत. एवढ्यावरून भाषेने रसायनशास्त्र जाणले होते असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल. घराघरांतील अनुभवाने साठवणीची रीत ठरविली आणि त्या रीतीने शब्दांचे रूप ठरविले, इतकेच म्हणणे युक्त होय.

मिरे या नियमाचे चांगले परीक्षण करून देते. त्यात दोन्ही प्रकारची द्रव्ये आहेत. जुनी मिरपूड जिभेला झोंबते, पण नाकाला काहीच सांगत नाही; पायपेरीन उरले, सुगंध गेला. मसाला ताजा आहे की नाही याची परीक्षा जिभेने नव्हे तर नाकाने करावी, हा धडा यातून मिळतो. दाणा दोन बोटांत किंवा खलात चुरडावा. वास तत्काळ व ठसठशीत आला पाहिजे.

३. ओले आणि वाळलेले

अख्खे-पूड या भेदाइतकाच महत्त्वाचा दुसरा भेद ओल्या-सुक्याचा. येथे मराठी केवळ विशेषणावर थांबत नाही. पुष्कळदा दोन अवस्थांना दोन निरनिराळे शब्द देते. ताजा कंद ‘आले’, वाळविलेला ‘सुंठ’. पाने ‘कोथिंबीर’, वाळले फळ ‘धने’. कोकणात ताजे फळ ‘रातांबा’, वाळविलेली साल ‘आमसूल’, मीठ घालून काढलेला रस ‘आगळ’.

व्युत्पत्तीही हेच सांगते. आले हे संस्कृत ‘आर्द्रक’, म्हणजे ओले, यापासून आले, सुंठ ‘शुण्ठी’पासून. प्राकृत वैयाकरणांनी ‘आर्द्र’ शब्दाची ‘अल्ल’ आणि ‘ओल्ल’ अशी दोन्ही रूपे नोंदविली आहेत. तेव्हा ‘आले’ आणि ‘ओले’ हे एकाच घराचे शब्द ठरतात. म्हणजे ज्याला आपण वस्तूचे नाव समजतो ते मुळात तिच्या अवस्थेचे नाव होते.

या द्विशब्दांचा व्यवहारातील अर्थ असा की, ओली व वाळलेली वस्तू एकमेकींच्या बदली वापरण्याजोग्या नाहीत. आले वाळताना त्यातील जिंजरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये रूपांतरित होतो आणि सुंठेचा तिखटपणा अधिक तीव्र व वेगळ्या जातीचा होतो. धने आणि कोथिंबीर एकाच झाडाची असूनही त्यांची सुगंधद्रव्ये भिन्न आहेत. म्हणून साठवणीची यादी करताना आले व कोथिंबीर आठवड्याच्या बाजारात मांडावी, सुंठ व धने वर्षाच्या बेगमीत.

४. बिघाडाचे शब्द

इंग्रजीच्या वळणाने आपण हल्ली कोणत्याही बिघडलेल्या जिन्नसाला ‘खराब’ किंवा ‘एक्स्पायर झालेला’ म्हणून मोकळे होतो. घरगुती मराठीत याहून पुष्कळ सूक्ष्म भेद आहेत, आणि प्रत्येक शब्द एका निराळ्या कारणाकडे बोट दाखवितो.

‘वास उडणे’ म्हणजे बाष्पनशील तेल निघून जाणे. यावर उपाय अख्खेपणा, घट्ट झाकण व थंड जागा. चुलीच्या वरच्या फळीवर मसाले ठेवणे सोयीचे दिसते, परंतु तेथील उष्णता हे तेल हळूहळू पळविते.

‘रंग विटणे’ हा प्रामुख्याने प्रकाशाचा परिणाम. हळदीतील कर्क्युमिन आणि मिरचीतील लाल रंगद्रव्ये उजेडात नाश पावतात. काचेच्या बरण्यांची रांग खिडकीशी शोभून दिसते खरी. पण हळद, तिखट व केशर यांना अंधारच मानवतो. जुन्या चिनी मातीच्या बरणीचा गुण केवळ हवा रोखण्यात नव्हता, उजेड रोखण्यातही होता.

‘खवट होणे’ हा शब्द फक्त स्निग्ध पदार्थांविषयी वापरतात, आणि ते योग्यच आहे. खसखस, तीळ, सुके खोबरे यांतील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की खवटपणा येतो. या वस्तू वर्षाच्या घेऊ नयेत. थोड्या घ्याव्यात आणि हवाबंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवाव्यात.

‘सादळणे’ म्हणजे हवेतील ओलावा शोषून घेणे. ओलावा टिकला की ‘कुबट’ वास येतो, म्हणजे बुरशीने घर केले. मिरचीच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे, कारण दमट मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात आणि घरच्या भाजण्याने ते पुरतेपणी नष्ट होत नाही. कुबट मिरची उन्हात घालून वापरावी, ही काटकसर म्हणूनच टाळावी. बेगमी चैत्र-वैशाखात करण्याची रूढी याच कारणाने शहाणपणाची ठरते. नवे पीक बाजारात आलेले असते आणि पावसाळ्यापूर्वीचे कडक ऊन वस्तू कडकडीत वाळवून देते.

‘टोके पडणे’ आणि ‘जाळी धरणे’ हे कीटकांचे दोन प्रकार. पहिल्यात भुंगेरे, दुसऱ्यात पतंगाच्या अळ्या. धने, मिरची व सुंठ यांना ही पीडा विशेष होते. नवा माल जुन्यात मिसळू नये. जुना संपवून, डबा धुऊन, उन्हात वाळवूनच नवा भरावा.

येथे आणखी एका शब्दाची नोंद घेतली पाहिजे. रोजच्या वापराच्या डब्याला ‘मिसळणाचा डबा’ म्हणतात. तो साठवणीचा डबा नव्हे. हा भेद जेथे पाळला जातो तेथे मोठी बरणी दिवसातून चार वेळा उघडली जात नाही, शिजत्या भांड्याच्या वाफेवर धरली जात नाही, आणि तिच्यात ओला चमचा जात नाही. आठवड्यापुरते मिसळण डब्यात काढावे, बाकीचे बंद असावे.

५. फसवी नावे

आतापर्यंत शब्दांनी वाट दाखविली. परंतु काही ठिकाणी तेच शब्द वाट चुकवितात. नावे व्यापारमार्गाने प्रवास करतात आणि एका वस्तूवरून दुसरीवर जाऊन बसतात. संस्कृत ‘पिप्पली’ ग्रीक व लॅटिनमार्गे युरोपात गेली ती काळ्या मिऱ्याचे नाव होऊन. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या द्वारे अमेरिकेतील नवे तिखट फळ आपल्याकडे आले, तेव्हा मराठीने मिऱ्याच्याच नावावरून त्याला ‘मिरची’ म्हटले. संस्कृत ‘तमालपत्र’ ग्रीकांनी ऐकले तेव्हा आरंभीचे ‘त’ त्यांना आपल्याच भाषेतील उपपद वाटले आणि उरला तो ‘मालाबाथ्रॉन’. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही उदाहरणे रंजक आहेत. खरेदी करणाऱ्यास पुढील उदाहरणे उपयोगाची आहेत.

‘दालचिनी’ हा फार्सी ‘दारचीनी’चा, म्हणजे ‘चिनी लाकूड’ याचा अवतार. नावाप्रमाणे पाहिले तर चीनची जाड साल, जिला व्यापारात कॅसिया म्हणतात, तीच खरी नावाची धनी. तरी उत्तम मानली जाते ती श्रीलंकेची, सिनॅमोमम व्हेरम या झाडाची पातळ साल. एकाच नावाने दोन्ही विकल्या जातात. ओळख सोपी आहे. श्रीलंकेची साल कागदासारखी पातळ, अनेक पदरी आणि हाताने मोडणारी. कॅसिया जाड, एकपदरी आणि कठीण. कॅसियात कुमारिन हे द्रव्य पुष्कळ असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याचे रोजचे सह्य प्रमाण शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.१ मिलिग्रॅम इतके ठरविले आहे. नित्य व भरपूर दालचिनी खाणाऱ्याने हा भेद जाणलाच पाहिजे. आणि तो पुडीत दिसत नाही, अख्ख्या सालीतच दिसतो.

‘बाद्यान’ हे चक्रफुलाचे जुने मराठी नाव फार्सीत मुळात बडीशेपेसारख्या दाण्याचे. चक्रफूल म्हणजे इलिसियम व्हेरमचे फळ. त्याचीच जपानी भावंड जात, इलिसियम ॲनिसाटम, दिसायला तशीच पण विषारी आहे. पूड झाल्यावर दोहोंतील भेद डोळ्यांना कळणे अशक्य.

जिऱ्याच्या कुटुंबाचा घोळ प्रसिद्धच आहे. शहाजिरे, कलौंजी, कडू जिरे आणि कारळे ही चार निरनिराळ्या वनस्पतींची बीजे ‘काळे’ या एका विशेषणाने एकमेकांत मिसळतात. कलौंजीला कित्येक दुकानांत कांद्याचे बी म्हणतात, परंतु कांद्याशी तिचा काही संबंध नाही. कारळे चटणीचे, कडू जिरे औषधाचे. ‘काळे जिरे’ एवढेच सांगून वस्तू मागविणे म्हणजे दुकानदाराच्या समजुतीवर भरवसा टाकणे होय.

‘जायपत्री’ आणि ‘रामपत्री’ यांचे साम्य उत्तरपदापुरते आहे. पहिली जायफळाचे सुगंधी वेष्टन. दुसरी त्याच वंशातील मलबारी झाडाची, जवळजवळ निर्गंध, आणि म्हणूनच पहिलीत भेसळ करण्यास सोयीची. गोव्यात व कोकणात माशांच्या कालवणात घालतात ते ‘तिरफळ’ आणि औषधी ‘त्रिफळा’ यांचा संबंध केवळ ध्वनीचा आहे. ‘नागकेशर’ या नावाखाली नागचाफ्याचे केसर विकले जाते आणि दालचिनीच्या वंशातील झाडांची अपक्व फळेही. ‘दगडफूल’ तर दगड नव्हे की फूल नव्हे. ते शैवाक आहे.

६. हिंग, अर्क आणि इसेन्स

वर सांगितलेल्या नियमाला ‘हिंग’ हा बोधप्रद अपवाद आहे. हिंगाचे सारे मोल उडून जाणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांत असताही आज ‘हिंग’ म्हटले की डबीतील पूडच डोळ्यांपुढे येते आणि मूळ डिंकाला ‘खडा हिंग’ असे चिन्हित नाव द्यावे लागते. ही पूड बहुधा बांधणीची असते, म्हणजे तीत थोडा हिंग आणि बराचसा गोंद व गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. शुद्ध हिंग इतका उग्र की त्याला पातळ करणे व्यवहारतः सोयीचे आहे, यात फसवणूक नाही. पण नाव पुडीकडे गेले आणि मूळ वस्तू विसरली गेली, हे खरेच. ज्याला गहू वर्ज्य आहे त्याला या विस्मरणाची किंमत द्यावी लागते. भारत हा हिंग मुख्यतः अफगाणिस्तान व इराणकडून घेत आला आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिंगाच्या रोपांची लागवड सुरू केली ती २०२० साली.

अर्कांच्या बाबतीतही शब्द नेमके वापरले पाहिजेत. ‘अर्क’ हा अरबी शब्द. घाम, थेंब थेंब पाझरणे, हा त्याचा अर्थ, आणि म्हणून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवास तो शोभतो. गुलाबपाणी हा या अर्थाने अर्क. व्हॅनिलाचा अर्क मात्र शेंगा मद्यार्कात भिजवून काढतात. अमेरिकेच्या मानकानुसार त्यात मद्यार्क निदान ३५ टक्के असावा लागतो. बाजारात ‘इसेन्स’ म्हणून स्वस्त मिळते ते बहुतेक कृत्रिम व्हॅनिलिनचे द्रावण असते. व्हॅनिलिन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले ते १८७४ मध्ये. ते विषारी नव्हे; परंतु शेंगेतील इतर शेकडो सुगंधद्रव्ये त्यात नसतात. बाटलीवर ‘अर्क’ आहे की ‘इसेन्स’, शेंग लिहिली आहे की ‘कृत्रिम स्वाद’, हे वाचून घ्यावे. घरी अर्क करावयाचा असल्यास शेंगा उभ्या चिरून तीव्र मद्यार्कात बुडवाव्यात आणि अंधारात निदान दोन महिने ठेवाव्यात.

७. उपसंहार

या विवेचनातून गृहसाठवणीचा एक साधा क्रम निघतो. धने, जिरे, मिरे, लवंग, वेलदोडे, दालचिनी अख्खी घ्यावीत. ती कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षभर चांगली राहतात. त्यांची पूड एकदोन महिन्यांपुरतीच करावी. जायफळ लागेल तेव्हा उगाळावे. हळद व तिखट वर्षाचे करण्यास हरकत नाही. तथापि हळकुंड घेताना अतिशय झळझळीत पिवळेपणा हा गुण समजू नये. बांगलादेशात हळकुंडांना चकाकी देताना शिशाचे क्रोमेट वापरले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. पाकिटावरील तारीख बांधणीची असते, पिकाची नव्हे, हेही लक्षात असावे.

अभ्यासकांपुढील कार्य याहून मोठे आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद जमिनीखालच्या ‘पेवां’त साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे नष्ट झाली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आजही सर्वांच्या तोंडी आहे. पेव पाहिलेले मात्र थोडेच उरले आहेत. येथे वस्तू गेली आणि शब्द राहिला. मसाल्यांच्या बाबतीत उलट होत आहे. वस्तू पाकिटातून मुबलक मिळतात आणि सादळणे, विटणे, कुबट, खवट, भरड, वस्त्रगाळ हे शब्द मावळत आहेत. हिंगाच्या नावाचे जे झाले तेच उद्या धन्याजिऱ्याच्या नावाचे होईल; आणि ‘जिरे’ म्हणजे पूड असे ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी ताजेपणा ओळखण्याचे साधनही हातचे जाईल.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी या शब्दांचे संकलन करावे. संकलन करताना केवळ शब्द लिहून घेऊ नये. त्यासोबत वस्तूचा नमुना ठेवावा, ती कोणत्या अवस्थेत आहे ते लिहावे, आणि सांगणारीचे गाव व वय नोंदवावे. ‘एक मसाल्याचा पदार्थ’ एवढ्या अर्थावर थांबणारी नोंद कोशाची जागा भरते, ज्ञानाची नाही. ज्या वृद्ध स्त्रियांकडे हा शब्दसंग्रह आज शाबूत आहे, त्यांच्याकडे जाण्यास विलंब करून चालणार नाही.